चिरुटाची चव

चिरूट हा शब्द मुळी तमिळ ‘चुरुट्टु’वरून, म्हणजे गुंडाळलेल्या वस्तूवरून आला, हे कळण्यास आम्हांस चेन्नईची बदली घडावी लागली. कचेरीचा वृद्ध पहारेकरी सायंकाळी त्रिचीचा चुरुट्टु ओढतो आणि आम्ही नाकास रुमाल लावून पुढे सरकतो.

गतमासी परदेशाहून परतलेल्या एका स्नेह्याने आम्हांस हवानाचा चिरूट दिला. भरणीचे, बांधणीचे आणि वेष्टनाचे अशा तिन्ही पानांचा, हाताने वळलेला. धूर गिळावयाचा नसतो, तोंडात खेळवावयाचा असतो. आरंभी वाळल्या गवताचा गोडवा, मध्ये कातड्याचा व भाजल्या कॉफीचा दरवळ, शेवटी जिभेस डसणारा तिखटपणा. आम्ही ‘वाहवा!’ म्हणालो. पण ती वाहवा पानाची, की त्याभोवतीच्या सोनेरी कागदी कड्याची? कडे काढून तोच चिरूट पहारेकऱ्याने पुढे केला असता, तर आम्ही रुमालच चाचपला असता! जिभेने केलेला खोटेपणा हाही खोटेपणाच. त्याचा दंड मात्र इतकी वर्षे त्या वृद्धाने भरला.

काल आम्ही त्याच्याकडे एक चुरुट्टु मागितला. त्याने आधी आमचा पेटवून दिला, मग स्वतःचा. ठसका लागला. चव चांगली होती काय, हे अद्याप सांगवत नाही. ते सोनेरी कडे मात्र अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे.