चावी कोणाच्या हाती?



काना गावच्या लग्नात प्रभू येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, हे आपण जाणतो. द्राक्षारस पिणे हेच पाप, असे ख्रिस्तसभा शिकवीत नाही. पण जळगावच्या लग्नघरातून निघालेल्या आपल्या पाहुण्याला एरंडोल, पारोळामार्गे धुळ्याला परतायचे असते. तेही रात्री, ट्रकांच्या गर्दीतून, मागे बायको-पोरे बसवून.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास तो गुन्हा ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही; पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

दंड भरून सुटू, असे कोणी म्हणेल. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर प्यालेल्या तरुणाची गाडी झोपलेल्या मजुरांवर गेली. सात जण दगावले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. शिक्षा संपते, ती सात घरे पुन्हा भरत नाहीत.

"नशेत होतो, काही कळले नाही," ही सबब जुनीच आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल सांगतो की, नशेत गुन्हा करणाऱ्याला दुप्पट शिक्षा असे. कारण न पिणे त्याच्याच हाती होते. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथही (परिच्छेद २२९०) नशेत वाहन चालवून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला गंभीर दोषी मानतो. हा विषय पाचव्या आज्ञेचा आहे.

पण दोष त्याच्या एकट्याचाच का? आग्रहाने ग्लास भरणारे आपण, आणि "भाऊ, सांभाळून जा" म्हणून निरोप देणारेही आपणच. आम्ही धर्मगुरूही जेवणाआधी आशीर्वाद देऊन पुढे गप्प बसलो आहोत, हे कबूल करतो. काईनाने भावाची जबाबदारी झटकली, पण देवाने त्याला जाब विचारलाच.

म्हणून या लग्नसराईत यजमानाने प्यालेल्या पाहुण्याची चावी मागून घ्यावी. त्याला अंथरूण टाकून द्यावे, किंवा न प्यालेल्या नातलगाने गाडी चालवावी. पाहुणा रागावेल, रागावू द्या. सकाळी चहा घेऊन तो आपल्या लेकरांसह घरी पोहोचेल.

प्रभू आपल्या वाटा सुरक्षित राखो.

आपले धर्मगुरू