दया आणि ओळख

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई महापालिकेने कबुतरांना दाणे टाकण्यासाठी चार तात्पुरत्या जागा नेमून दिल्या. त्यातली एक ऐरोली-मुलुंड जोडरस्त्यावरच्या जुन्या जकात नाक्याकडची. वेळ सकाळी 7 ते 9. मुलुंडशेजारच्या नाहूरहून तिथे रिक्षाने सहज जाता येतं. आणखी पूर्वेला गेलं की मिठागरं, तिवरांचं रान आणि ठाण्याची खाडी. या खाडीचा मोठा भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. म्हणजे काही किलोमीटरच्या आत दोन प्रकारचे पक्षी भेटतात: माणसाच्या मुठीतून पडलेल्या दाण्यांवर वाढलेले, आणि चिखलातून शेवाळ नि बारीक जीव गाळून खाणारे.

या जागा नेमाव्या लागल्या त्याआधीचे काही महिने शहर या प्रश्नावरून ढवळून निघालं होतं. विष्ठेमुळे आणि पिसांमुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या आजारांचा मुद्दा पुढे करून कबुतरखाने बंद करण्यात आले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि जैन समाजातल्या लोकांनी ती उतरवली. मुलुंड-घाटकोपर पट्ट्यात घरोघरी या विषयावर बोलणं झालं. जीवदया हा ज्यांच्या धर्माचा कणा आहे, त्यांच्यासाठी हा फक्त स्वच्छतेचा प्रश्न नव्हता.

आता अशा ठिकाणी पर्यावरण शिक्षणाची इंटर्नशिप करणाऱ्या विशीतल्या मुलाची किंवा मुलीची कल्पना करा. शाळेची सहल आलेली आहे. सहावीतलं एखादं पोर विचारतं, ‘माझी आजी रोज कबुतरांना ज्वारी घालते. ते पुण्य आहे की पाप?’ अभ्यासक्रमात याचं उत्तर नसतं. आजी चुकते असं म्हटलं, तर त्या मुलाच्या घरात निसर्गाबद्दल जे एकमेव प्रेम आहे त्यालाच धक्का बसतो. पुण्यच आहे म्हटलं, तर खोटं बोलल्यासारखं होतं. कारण कबूतर हा मुळात कड्याकपारीतला पक्षी. इमारतींच्या वळचणी त्याला आयते कडे वाटतात आणि बारमाही दाणा मिळाला की त्याची वीण वाढत जाते.

इंटर्नशिपमध्ये शिकायचं असतं ते खरं तर अशा प्रश्नापुढे कसं उभं राहायचं हेच. बाकीचं पुस्तकातून मिळतं.

आपल्या राज्यघटनेने हा पेच फार नेमका पकडला आहे. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांचं 51क हे कलम आलं. त्यातलं सातवं कर्तव्य वनं, तळी, नद्या आणि वन्यजीव यांचं रक्षण करण्याचं आणि प्राणिमात्रांवर दया करण्याचं. त्याच्या लगेच पुढचं, आठवं, वैज्ञानिक दृष्टिकोन आणि चौकस बुद्धी वाढवण्याचं. दया आणि चौकसपणा असे लागोपाठ येतात. 1991 मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सगळ्या पायऱ्यांवर सक्तीचा करायला सांगितलं आणि पुढे महाविद्यालयांतही त्याचा पेपर आला. मात्र या दोन कर्तव्यांची सांगड कशी घालायची ते कुठल्याही पेपरात आलं नाही. बहुतेक मुलांनी प्रकल्पवही विकत आणली, चित्रं चिकटवली आणि गुण घेतले.

ही सांगड जमिनीवर उतरून घालावी लागते, आणि त्यासाठी मुंबईत जागा आहेत. गोरेगावला चित्रनगरीशेजारी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं 33 एकरांचं निसर्गशिक्षण केंद्र आहे. बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाचं निसर्ग माहिती केंद्र आहे. माहीम-धारावीच्या हद्दीवर एकेकाळच्या कचराभूमीवर उभं राहिलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. अशा ठिकाणी निसर्गफेरी नेता नेता, शिबिरं लावता लावता शिकाऊ मुलांचा हात बसतो. सुरुवातीला प्रत्येकाकडून तेच घडतं: पाठ केलेली नावं धडाधड बाहेर पडतात. झाडाचं मराठी नाव, शास्त्रीय नाव, कूळ, उपयोग. मुलं मान डोलावतात आणि डब्याकडे बघतात.

मग कोणीतरी जाणतं माणूस त्या नव्या शिक्षकाला सुचवतं, की नाव राहू दे, पान हातात दे. खाडीकाठच्या तिवराचं पान घ्या. खालची बाजू फिकट, रुपेरी. कोरड्या दिवशी पानावर बोट फिरवलं की बारीक खरखर लागते. उन्हाकडे धरलं की कण चमकतात. पोरं आपणहून ओरडतात, ‘मीठ!’ झाडाने खारं पाणी शोषलं आणि नको ते मीठ पानावाटे बाहेर टाकलं. मग मुलं खाली बघतात. चिखलातून सरळ वर आलेली श्वासमुळं दिसतात, त्यांच्यामधून उड्या मारणारी निवटी दिसते. हा मासा पाण्याबाहेर कसा, हा प्रश्न मुलंच विचारतात. नाव त्यानंतर सांगितलं की ते विसरत नाहीत. एवढं जमायला नव्या माणसाला काही महिने जातात, कारण आपल्याला माहीत असलेलं न सांगता थांबणं अवघड असतं.

श्रद्धेच्या प्रश्नालाही हेच थांबणं लागू पडतं का? मुंबईच्याच इतिहासात याचं एक सुंदर उदाहरण आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खेतवाडीतल्या एका पोरक्या मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. नेहमीच्या चिमणीपेक्षा ही वेगळी दिसली म्हणून, मुसलमानाने ही खावी की खाऊ नये, हे विचारायला तो आपल्या मामाकडे, अमीरुद्दीन तय्यबजींकडे गेला. प्रश्न निखळ धार्मिक होता. मामांना त्या पक्ष्याची ओळख पटेना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांच्याकडे धाडलं. मिलर्ड यांनी ती रानचिमणी आहे हे ओळखलं, मुलाला ना हसले ना रागावले, आणि कपाटाचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवत बसले. तो मुलगा म्हणजे पुढे पक्षितज्ज्ञ झालेले सालिम अली.

या प्रसंगात धर्माचा अवमान कुठेच झालेला नाही. खावं की नाही हे ठरवण्याआधी हा जीव कोण आहे ते कळायला हवं, इतकंच मामांना वाटलं. धर्माचा प्रश्न विज्ञानाच्या दाराशी घेऊन गेला, आणि दार उघडणाऱ्या माणसाने पाहुण्याला आत घेतलं. पुढे 1926 मध्ये सालिम अली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या निसर्गविभागात मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून लागले. शाळकरी मुलांना काचेच्या कपाटांपुढे उभं करून निसर्ग शिकवण्याची ती नोकरी होती. निसर्ग शिकवण्याची उमेदवारी या शहरात शंभर वर्षांची आहे, ती अशी.

ओळखीने वागणं कसं बदलतं हे पाहायला आता नाहूरच्या पश्चिमेकडे बघा. डोंगररांग, तिच्यापलीकडे विहार आणि तुळशी तलाव, आणि सगळं मिळून सुमारे 104 चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. त्याच्या कडेने बिबटे आणि माणसं एकमेकांना खेटून राहतात. 2002 ते 2004 या काळात इथे बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसं मेली. पिंजरे लावून बिबटे पकडा, ही तेव्हाची मागणी होती. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात केलेल्या अभ्यासातून दिसत होतं ते उलटं: एका जागचा बिबट्या पकडून दुसरीकडे सोडला की तंटा वाढतो. 2011 मध्ये वनविभागाने अधिकारी सुनील लिमये यांच्या पुढाकाराने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. सोसायट्यांमध्ये, पोलिसांमध्ये, वार्ताहरांमध्ये जाऊन एकच साखळी समजावली गेली: उघडा कचरा, त्यावर भटकी कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या. कचरा उचला, पोरांना अंधारात एकटं सोडू नका, दिसला म्हणून पिंजरा मागू नका. त्यानंतर हल्ले बरेच कमी झाले. पूर्ण थांबले नाहीत. आरेमध्ये 2021-22 मध्ये पुन्हा माणसांवर हल्ले झाले, एक लहान मूल गेलं.

गंमत अशी, की या शहाणपणातलं बरंचसं आदिवासी पाड्यांवरच्या वारल्यांकडे आधीपासून होतं. त्यांचा वाघोबा आहे. शेंदूर लावलेला दगड किंवा लाकडी फळी, कधी तिच्यावर सूर्य-चंद्र कोरलेले. वाघबारशीला त्याची पूजा होते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी नोंदली गेली. वारली बिबट्याला घाबरत नाहीत असं मुळीच नाही. घाबरतात, नुकसान सोसतात, आणि तरी त्याचा या जंगलावर हक्क आहे असं मानतात.

इथे शिकाऊ शिक्षकापुढे एक मोह उभा राहतो. वाघोबाची गोष्ट ऐकायला छान आहे. शहरी मुलांना ती सांगावी, चित्र दाखवावं, टाळ्या घ्याव्यात. तुकोबांचा झाडांवरचा अभंग प्रत्येक पर्यावरण दिनाच्या फलकावर असतो, तसाच हाही एक फलक. पण ज्याचा स्वतःचा वाघोबावर विश्वास नाही, त्याने दुसऱ्याच्या देवाचा असा वापर करावा का? करू नये, असं ठामपणे म्हणावंसं वाटतं. देवाला प्रचाराचं साधन केलं, की श्रद्धा असलेल्याचा अपमान होतो आणि श्रद्धा नसलेला ते लगेच ओळखतो. त्यापेक्षा पाड्यावरच्या बाईला किंवा बुवाला स्वतः बोलू द्यावं, मुलांना त्यांना प्रश्न विचारू द्यावेत आणि शिकाऊने बाजूला बसून ऐकावं. त्या तासापुरता तोच विद्यार्थी असतो.

देवरायांच्या बाबतीत हे घडलेलं आहे. 1970 च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ महाराष्ट्रातल्या देवराया अभ्यासत होते. त्याविषयी वाचून श्रीवर्धनजवळच्या गाणी गावच्या लोकांनी त्यांना कळवलं, की आमची काळकाईची राई तुटणार आहे, मदत करा. राई का हवी याचं गावाचं कारण सरळ होतं: तिच्यामुळे ओढ्याला पाणी टिकतं आणि त्यावर आमची भातशेती आहे. अभ्यासक शिकवायला गेले नव्हते, शिकायला गेले होते. देवीचा धाक आणि पाण्याचा हिशेब गावाच्या मनात कधी वेगळे नव्हतेच.

मात्र श्रद्धा नेहमीच अशी जाणती असते असं समजणं भाबडेपणाचं ठरेल. नागपंचमीला नागाला पाजलं जाणारं दूध हे त्याचं ठळक उदाहरण. नाग दूध पचवू शकत नाही. तहानेने व्याकूळ केलेला असतो म्हणून तोंड लावतो. पूजा होते आणि ज्याची पूजा तोच मरतो. ज्याच्यावर दया करायची त्याची ओळख नसली, तर ती दया त्याच्या जिवावर उठते. कबुतरांचा प्रश्न थोडा वेगळा आहे, तिथे कबूतर मरत नाही, शेजारचा माणूस आजारी पडतो. तरी मूळ तेच: देणाऱ्याचं समाधान पाहिलं गेलं, घेणाऱ्याचं जगणं नाही.

यावर उपाय धर्माबाहेरच शोधावा लागतो असं नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. पावसाचं पाणी साठवणारी खडकातली टाकी आणि पन्हळी आजही शाळेच्या सहलींना दाखवतात. जिथे भिक्खू राहिले, शिकले, शिकवत होते, तिथेच त्यांच्या वर्षावासाची गोष्ट सांगायला हवी. विनयपिटकातल्या महावग्गात ती आहे. भिक्खू पावसाळ्यातही फिरत, हिरवं गवत तुडवत, बारीक जीव पायाखाली येत. लोकांनीच तक्रार केली: पाखरंसुद्धा पावसाळ्यात घरटं बांधून एका जागी राहतात, मग हे का फिरतात? त्यावर पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम झाला. जैन साधूंचा चातुर्मासही याच जातीचा. अहिंसेचं तत्त्व आधीच होतं. पावसात जमिनीवर काय चालू असतं हे कोणीतरी पाहून सांगितलं, तेव्हा त्याचं आचरण बदललं. मुलुंडच्या शाळेत जीवदयेविषयी बोलणाऱ्या शिकाऊकडे याहून चांगला दाखला नाही. त्या पोराच्या आजीलाही तो परका वाटणार नाही, कारण चातुर्मास तिच्या घरातलाच आहे. आजीला चूक ठरवण्याची गरज नाही. कबूतर कुठे राहतं, काय खातं, वर्षाला किती पिल्लं काढतं हे नातवाने महिनाभर पाहून तिला सांगावं, आणि पुढचं तिच्यावर सोडावं.

महापालिकेने आता नाहूरला देशोदेशीच्या पक्ष्यांचं उद्यान आखलं आहे. पूर्व उपनगरांतली हजारो मुलं तिथे जाळीतले पक्षी बघायला येतील. आराखड्यात पिंजरे, तिकीटघर, वाहनतळ असणारच. त्यांच्या बरोबरीने निसर्ग शिकवणाऱ्या माणसांच्या पगारी जागा पहिल्या दिवसापासून मंजूर व्हायला हव्यात, त्यांची उमेदवारी खाडीवर आणि पाड्यांवर व्हायला हवी, आणि शिकवणाऱ्यांत पाड्यावरची माणसंही मानधनावर असायला हवीत. मुलुंड, भांडुप आणि नाहूरच्या पालकांनी नि शिक्षकांनी ही मागणी आत्ताच, बांधकाम पुरं होण्याआधी, आपल्या वॉर्ड कार्यालयात लेखी द्यावी.