शंभर ग्रॅमचा हिशेब

डुकरांच्या खाद्याची सूत्रे बसवून देणे हा माझा व्यवसाय. मका किती, सोयाबीनची पेंड किती, कोंडा किती, क्षार आणि जीवनसत्त्वे किती हे ठरवायचे आणि त्याचे मानधन घ्यायचे. हल्ली जवळजवळ प्रत्येक सूत्राच्या तळाशी मी एक बारीक ओळ लिहिते : फायटेज, टनाला १०० ग्रॅम. या एवढ्याशा पुडीच्या बाजूने मी जे बोलते ते ऐकायला छान वाटते. खर्च वाचतो, जनावराच्या अंगी लागते, ओढे-विहिरी स्वच्छ राहतात. एकाच वस्तूने मालक, जनावर आणि निसर्ग असे तिघेही सुखी होतात, असे दुसरा कुणी सांगू लागला की मला लगेच शंका येते. मग हीच शंका मी माझ्या बोलण्यावर का घेत नाही? आज ती घ्यायची ठरवली आहे.

शास्त्रात खोट नाही, हे आधीच सांगते. धान्यात आणि पेंडींत असलेल्या फॉस्फरसपैकी साधारण दोन-तृतीयांश फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो. गाई-म्हशींच्या कोठीपोटातले जिवाणू तो सोडवतात. डुकराचे पोट आपल्यासारखे एककप्पी. तिथे ही सोय नसल्यात जमा. म्हणून खाद्यात फॉस्फरस भरपूर असूनही हाडांना तो कमी पडतो. मग आपण वरून डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे नेहमीचे डीसीपी, घालतो आणि न पचलेला फॉस्फरस विष्ठेतून बाहेर पडतो. आपल्याकडचा भाताचा कोंडा तर याचा नमुनाच : फॉस्फरस भरपूर, पण बहुतेक सगळा फायटेटमध्ये. फायटेज नावाचे एन्झाइम जठराच्या आम्लात हे संयुग फोडते. किलोभर खाद्याला ५०० एकके हा रूढ डोस. ग्रॅममागे ५,००० एककांची पावडर असेल तर तोच टनाला १०० ग्रॅम होतो. त्यातून सुटणाऱ्या फॉस्फरसच्या भरवशावर टनामागे पाच-सहा किलो डीसीपी कमी करता येते. रसायनशास्त्राने दिलेली ही खरीखुरी बचत आहे. माझा प्रश्न त्या बचतीचे मी पुढे काय करते, हा आहे.

हे एन्झाइम बाजारात का आले, ते आठवले की प्रश्न टोकदार होतो. नेदरलँड्सच्या दक्षिणेकडच्या वाळूमिश्रित जमिनीवर, ब्राबांटसारख्या भागात, डुकरांची दाटी झाली. त्यांचे खाद्य थायलंडच्या टॅपिओकातून आणि ब्राझीलच्या सोयाबीनमधून यायचे. दाणा जहाजाने आला, पण त्यातला फॉस्फरस परत गेला नाही. तो त्या जमिनीत साठत गेला आणि पुढे पाण्यात उतरला. १९८४ साली तिथल्या सरकारने डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या फार्मवाढीला कायद्याने आवर घातला. १९९१ मध्ये अस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळवलेले फायटेज तिथे विक्रीला आले. १९९८ पासून तर शेतावर किती नत्र-फॉस्फेट आले आणि किती गेले, याचा हिशेबच शेतकऱ्याकडून मागितला जाऊ लागला. ही हकीकत मी बैठकांत रंगवून सांगते. शेवटचे वाक्य मात्र गिळते : तिथे हिशेब मागणारे कुणीतरी होते, इथे माझ्या सूत्रातल्या फॉस्फरसचा जाब मला कुणीही विचारत नाही.

जाब विचारणारा नसला की माणूस कसा वागतो, ते मी माझ्यातच पाहते. फायटेज घातल्यावर डीसीपी तेवढे कमी केले तरच विष्ठेतला फॉस्फरस खरा घटतो. डीसीपी तसेच ठेवून वर फायटेज घातले, तर सुटलेला जादा फॉस्फरस मलमूत्रातूनच बाहेर जाणार. हे मला पुस्तकी भाषेत पाठ आहे. तरीही डीसीपीचा आकडा खाली आणताना हात आखडतो. घातलेल्या वस्तूबद्दल कुणी तक्रार करत नाही. काढलेल्या वस्तूनंतर फार्मवर काहीही बिघडले, तरी पहिला फोन मला येतो. म्हणून ‘असू दे थोडे’ असे मन म्हणते. ते थोडे डुकरासाठी नसते. तो माझ्या नावाचा विमा असतो आणि त्याचा हप्ता खालचा ओढा भरतो. शिवाय डीसीपी खनिज फॉस्फेटपासून बनते. जगातले त्याचे बहुतांश साठे मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहेत, ते पुन्हा तयार होणारे नाहीत, आणि आपला देश आपल्या गरजेचा मोठा भाग आयातच करतो. पर्यावरणाचे नाव घेऊन मी जी पुडी सुचवते, तिच्या जोडीला वजाबाकी केली नाही तर ते नाव घेण्याचा मला अधिकार राहत नाही.

उलट बाजूही तितकीच निसरडी आहे. पुडीबरोबर एक तक्ता येतो : हे एन्झाइम घातल्यास इतका फॉस्फरस, इतके कॅल्शियम, इतकी ऊर्जा, इतकी अमिनो आम्ले सुटतील असे धरा. कमीत कमी खर्चाचे सूत्र काढणाऱ्या संगणकात हे आकडे भरले की किंमत झरझर खाली येते. आकडे जितके उदार, तितके खाद्य स्वस्त आणि तितकी मी हुशार. पण ते आकडे चांगल्या परिस्थितीतले असतात. गोळी खाद्य करताना ८०-९० अंशांची वाफ लागते; आवरण नसलेले एन्झाइम त्यात निकामी होते. कोकणातल्या दमट गोदामात उघड्या पोत्यातली पावडर किती टिकेल, याची हमी तक्ता देत नाही. स्वस्त म्हणून चुनखडीची पावडर सढळ हाताने घातली, तर कॅल्शियम फायटेटला धरून बसते आणि फायटेजचे काम अडते. तेव्हा कागदावर सुटलेला फॉस्फरस डुकराच्या पोटात सुटतोच असे नाही.

हा फरक शेवटी हाडांतून भरून निघतो. डुकराच्या वाढीला जेवढा फॉस्फरस लागतो, त्याहून अधिक हाडे पुरती भक्कम व्हायला लागतो. म्हणजे वजन ठरल्याप्रमाणे वाढत राहते आणि हाड आतून कच्चे राहू शकते. बाजारात जाणारे डुक्कर साधारण सहा-सात महिन्यांत संपते. कच्चेपणा लंगडण्यातून दिसायच्या आत ते वजनकाट्यावर चढलेले असते. वीण घेणाऱ्या मादीचे तसे नाही. पिल्लांच्या दुधासाठी ती स्वतःच्या हाडांतला चुना आणि फॉस्फरस उपसते, आणि वेताबरोबर तिच्या पायांवर ते उमटते. संगणकाच्या पडद्यावर मक्याच्या भावाला ओळ आहे, पेंडीच्या भावाला ओळ आहे. मादीला उठताना काय होते याला ओळ नाही. ती ओळ मी घातली नाही तर कुणीच घालणार नाही. कमी किमतीचे सूत्र हातात देऊन वाहवा घेताना ही गोष्ट मला ठाऊक असते, हे मान्य केल्याशिवाय या चिंतनाला अर्थ नाही.

पुडी उघडणाऱ्या माणसाचाही विचार यातच येतो. एन्झाइम हे प्रथिन आहे आणि त्याची बारीक धूळ श्वासातून वारंवार आत गेली तर काही जणांना तिचे वावडे होते. पुढे त्याचा दमा होऊ शकतो. म्हणूनच उत्पादक दाणेदार किंवा द्रवरूप एन्झाइम काढतात आणि पिशवीवर मास्क वापरण्याची सूचना छापतात. सूचना वाचणारा मालक एक आणि फावड्याने मिसळणारा गडी दुसरा असतो. मी सूत्राच्या कागदावर मात्रा लिहिते, तीन दशांश स्थळांपर्यंत. मास्क लिहिणे माझे काम नव्हे, असे मला आजवर सोयीचे वाटत आले आहे. सोयीचे वाटणे आणि बरोबर असणे यांत फरक आहे.

मग, ही पुडी नेमकी कुणासाठी? गोव्यात, कोकणात आणि शहरांच्या कडेला असलेले बरेच लहान पालक डुकरांना हॉटेलातले उरलेले अन्न घालतात. त्या शिजलेल्या भातात, पोळीत, भाजीत फायटेट मोजके. रोज बदलणाऱ्या त्या मिश्रणात १०० ग्रॅम फायटेज कशावर काम करणार? गहू-बार्लीच्या चिवट तंतूंवर चालणारे झायलनेज तिथे कशासाठी? अशा पालकाला माझ्याकडून एकच गोष्ट हवी : ते अन्न नीट उकळून घाला. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० साली ईशान्य भारतात शिरला आणि पुढे इतर राज्यांतही पसरला. त्यावर उपचार नाही, आणि दूषित मांस असलेले उरलेले अन्न हा त्याच्या प्रसाराचा ठाऊक असलेला मार्ग आहे. पण उकळण्याच्या सल्ल्याला मानधन नाही, त्यावर कुणाचे कमिशन नाही, त्यासाठी कुणी हॉटेलात परिषद भरवत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातली डुकरे ९० लाखांच्या आसपास मोजली गेली, २०१२ पेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी. या देशात डुकरे पाळणारे बहुतेक लोक लहान आहेत, गरीब आहेत, आणि समाजाने ज्यांना या धंद्यापायी खाली लेखले अशांपैकीही पुष्कळ आहेत. माझे ज्ञान मात्र पिशवीबंद खाद्य परवडणाऱ्यांच्या दारात थांबते. ज्ञानाची दिशा पैशाने ठरते, हे मी इतरांबद्दल सहज बोलते. स्वतःबद्दल बोलायला जड जाते.

उरला प्रश्न डुकराचा. त्याचे भले होते का? होते. फायटेट जस्त, लोह, कॅल्शियमही अडवते. ते फुटले की हे क्षार अंगी लागतात. दूध तुटलेल्या पिल्लांच्या आतड्यावरचा ताणही योग्य एन्झाइमने काहीसा हलका होऊ शकतो. युरोपीय संघाने वाढीसाठी दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिक्सवर १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंदी घातली, तेव्हापासून एन्झाइमांची भरपूर वाहवा झाली. पण एन्झाइम कोरडी जमीन देत नाही, मादीला पिंजऱ्यात वळायला जागा देत नाही, पिल्लाला आईपाशी आणखी आठवडाभर राहू देत नाही. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाने १९९९ मध्ये तर पुडीचीच गरज संपवली : लाळेतूनच फायटेज पाझरेल असे डुक्कर जनुकबदल करून जन्माला घातले. विज्ञान थक्क करणारे होते. निधी थांबला आणि २०१२ मध्ये तो कळप मारण्यात आला. मागे गोठवलेले बीज उरले. ही गोष्ट वाचली की मला वाटते, आपण डुकराला पुन्हापुन्हा आपल्या सोयीप्रमाणे बदलतो आहोत. आपण उभ्या केलेल्या दाटीला हात लावत नाही. माझी पुडी त्या दाटीला थोडी सुसह्य करते. सुसह्य झाल्यामुळे ती टिकते, असेही कुणी म्हणू शकेल, आणि त्याला माझ्याकडे पक्के उत्तर नाही.

तरी मी ती ओळ खोडणार नाही. न पचलेला फॉस्फरस ओढ्यात सोडण्यापेक्षा डुकराच्या हाडांत जिरवणे केव्हाही बरे. बदलायची आहे ती ओळ लिहिण्याची रीत. यापुढे माझ्या सूत्रात ‘काय घातले’ याच्या शेजारी ‘किती काढले’ हा रकाना असेल, आणि तक्त्यातला उदार आकडा जसाच्या तसा उचलला जाणार नाही. माद्यांच्या पायांची पाहणी सूत्राचाच भाग असेल. मास्कची सूचना कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरांत असेल. आणि जिथे एन्झाइमची गरज नाही तिथे ‘गरज नाही’ असे लिहून मी त्याचेही मानधन मागेन. खरे बोलण्याची किंमत मागायला लाज वाटू नये. माझ्यासारखा सल्ला देणाऱ्यांना आणि तो घेणाऱ्या पालकांना एकच विनंती : कुणी एन्झाइमची पुडी पुढे केली तर त्याच्या बदल्यात काय आणि किती काढणार, हे आधी विचारा. उत्तर आकड्यात आले तरच ती घ्या.