भाडे कोण भरणार?

आंतरराष्ट्रीय विकास संस्थांच्या इंटर्नशिपच्या जाहिराती हल्ली सोलापुरातल्या पदवीधरांच्या मोबाइलवरही येऊन पडतात. न्यूयॉर्क, जिनिव्हा, नैरोबी. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाचा नियम असा : दोन ते सहा महिने काम, मानधन नाही, प्रवास, व्हिसा, राहणे-खाणे ज्याचे त्याने पाहायचे. थोडक्यात, गरिबीवर काम करायला शिकायचे तर आधी घरची परिस्थिती बरी हवी.

२०१५ साली न्यूझीलंडचा एक बावीस वर्षांचा इंटर्न जिनिव्हाच्या तळ्याकाठी तंबूत राहतो, ही बातमी जगभर गाजली. त्याने ते काही अंशी ठरवूनच केले होते, हे पुढे कळले. पण त्यामुळे तिथल्या घरभाड्याचा प्रश्न काही खोटा ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० पासून विद्यावेतन सुरू केले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे ते आधीपासून होते. सचिवालय मात्र जिथल्या तिथे आहे.

आता सोलापुरातल्या भवानी पेठेतले एखादे घर घ्या. आई मांडीवर सूप घेऊन बसलेली. भिजवलेल्या पानावर पत्र्याचा साचा ठेवून कात्री चालवायची, चिमूटभर तंबाखू भरून वळायचे, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचे. आणि अशा हजार विड्या झाल्यावर हजाराची मजुरी. कारखान्यात तपासणारा त्यातल्या काही विड्या छाट म्हणून बाजूला सारतो. त्या वळायला लागलेला वेळ आईचाच, पण त्याचे पैसे नाहीत. आईच्या मजुरीच्या कार्डावरचे आकडे लेक तपासते, भविष्यनिर्वाह निधीचा अर्जही तीच भरते. घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारणीशी कन्नड, बाजारात दखनी. अशी मुलगी समाजकार्यात एम. एस. डब्ल्यू. होते, तेव्हा ती क्षेत्रभेटीला जाते कुठे? तिचे घर हेच क्षेत्र.

जिनिव्हात याच विषयावर कागद हलत असतात. घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारात भारत २००४ मध्ये सामील झाला. त्याचे सतरावे कलम तंबाखूवर पोट असणाऱ्यांना परवडणारा दुसरा धंदा मिळावा असे सांगते. विडी बंद झाली तर आई काय करील, याचे उत्तर या मुलीकडे असेलच असे नाही. पण कुठली उत्तरे फसतील हे तिला नक्की कळते, आणि अहवाल लिहिणाऱ्यांच्या टेबलावर नेमके तेच नसते.

अशा मुलीने त्या टेबलापर्यंत पोहोचायचे कसे, यावर ठरलेले उत्तर येते : जिद्द असली की वाट सापडते. सोलापुरात मग डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव निघणारच. १९१० साली इथे जन्मलेला, मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून नुकताच डॉक्टर झालेला हा तरुण १९३८ च्या सप्टेंबरात चीनला निघाला. बरोबरचे काही डॉक्टर परतले तरी तो थांबला, चिनी शिकला, बेथून रुग्णालयाचा प्रमुख झाला आणि १९४२ मध्ये तिथेच वारला. जिद्द होतीच. पण बोटीचे भाडे जिद्दीने भरले नव्हते. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी आवाहन केले, देशभर 'चीन दिन' पाळून सुमारे बावीस हजार रुपये जमले, आणि पाच डॉक्टरांचे पथक रवाना झाले. आपण कोटणीसांचा पुतळा उभारतो. वर्गणीची पावती मात्र विसरतो.

बिनपगारी इंटर्नशिपला माझा आक्षेप इथेच आहे. ती निवड करते, पण निवड केल्याचे कबूल करत नाही. सगळ्यांना दार उघडे असे म्हणायचे आणि उंबरठ्यावर काही लाखांचा खर्च ठेवायचा. बरे, सहा महिन्यांत तिथे जाऊन फार मोठे काम होते असेही नाही. बऱ्याचदा टिपणे, तक्ते आणि बैठकांची इतिवृत्ते. पण पुढच्या नोकऱ्यांच्या ओळखी तिथेच होतात. म्हणून विद्यापीठाने, सूतगिरण्या-कारखान्यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या विश्वस्त निधींनी आणि समाजाच्या पतसंस्थांनी दरवर्षी दोघा-तिघांचा तरी खर्च उचलावा. कर्ज म्हणून नव्हे. बिनपगारी कामासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते कोण फेडणार?

'शिकून गेलेली पोरगी परत येईल कशावरून?' हा प्रश्न असा खर्च उचलण्याची गोष्ट निघाली की हमखास येतो. हुतात्मा एक्स्प्रेसने दर सकाळी सोलापूरहून पुण्याला जाणाऱ्या पदवीधरांना तो कोणी विचारत नाही. त्यांच्या तिकिटाची सोय घरचे करतात.