इन्सुलिन घेतलंस, मग जेवली का नाहीस?

सरळ उत्तर दे. ‘कार्तिकी पौर्णिमेचा उपास होता’ हे उत्तर नाही, पळवाट आहे. सुई टोचताना उपास आठवला नाही, ताटावर बसतानाच बरा आठवला? पोटात अन्न नाही, अंगात इन्सुलिन, वर मांजरसुंब्यापासून कपिलधारपर्यंत पायी. चालताना स्नायू साखर ओढून घेतात, हे तुला मी सांगायचं? बी.एस्सी. झालेली पोर तू!

दरदरून घाम फुटला, हात थरथरले, छाती धडधडली, डोळ्यांपुढं अंधारी आली. आणि सांगतेस काय, तर ‘गर्दीनं जीव घाबरला’. कुणाला फसवतेस? सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरली, हे तुझ्याच वहीत तुझ्याच अक्षरात लिहिलंय. साखर तपासायचं मशीन कुठं होतं? घरी, कपाटात. नारळ, बेल, फुलं सगळं पिशवीत मावलं. मूठभर मशीन मावेना?

वर खाल्लास काय, तर पेढा! खव्यातल्या तुपामुळं साखर रक्तात उशिरा चढते. तेव्हा लागते नुसती साखर. पंधरा ग्रॅम, म्हणजे तीन-चार चमचे, पाण्यात ढवळून प्यायची किंवा ग्लुकोजची पूड घ्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. सत्तरच्या वर गेली नाही तर पुन्हा तेवढीच. सावरलं की भाकरी-वरण. हे पाठ आहे तुला. पुडी मात्र जवळ नाही. मग त्या पाठांतराचं लोणचं घालायचं का?

आणि देवाचं नाव पुढं करू नकोस. कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला जाणाऱ्या दिंड्यांना वाटेवरची गावं हौसेनं जेवू घालतात. तिथं पोटुशी बाई उपाशी राहिलेली कुणाला हवी असते? उपास कुणीच सांगितला नव्हता. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीला तू भक्तीचं नाव दिलंस.

आता नवीन टूम काढलीस, ‘इन्सुलिनच बंद करते, म्हणजे साखर उतरणार नाही’. खबरदार! आईची वाढलेली साखर वारेतून बाळाकडं जाते. बाळ नको तितकं मोठं होतं, बाळंतपण अवघड होतं आणि जन्मल्यावर त्याचीच साखर घसरते. स्वतःच्या त्रासातून सुटायचं आणि तो बाळाच्या गळ्यात घालायचा? डोस डॉक्टर ठरवतील. पण खरं सांगितलंस तर! गेल्या वेळी ‘सगळं ठीक आहे’ म्हणालीस ना? मग त्यांनी कशावरून ठरवायचं? उद्या वही घेऊन जा. कधी टोचलं, कधी जेवलीस, कधी गरगरलं, सगळं लिहून ने. आकडे सजवू नकोस.

आणखी एक. तू बेशुद्ध पडलीस तर तोंडात काही घालायचं नाही, साखरपाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन करायचा. हे घरात कुणाला माहीत आहे? नाही ना? मग संध्याकाळी नवऱ्याला माझ्याकडं पाठव. सासूबाईंनाही.