जिभेची गाठ आणि अमानत



गेल्या कापूस हंगामात जुम्याच्या नमाजनंतर अकोल्यातील एक तरुण माझ्याजवळ थांबला. तो एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. एका काटापट्टीवर ओलाव्याची कटती दोनदा लागल्याचे त्याच्या ध्यानी आले होते. पण तो बोलला नाही. शेतकरी कमी पैसे घेऊन गावी परतला. तरुण म्हणाला, “मौलाना, मी उर्दू माध्यमात शिकलेला. चार माणसांत मराठी बोलताना जीभ अडते. वाटले, आपलेच चुकत असेल.”

ही भीती आपल्या अनेक घरांत आहे. तिला विनय समजण्याची चूक मात्र होऊ नये. विनयाने कोणाचा हक्क बुडत नाही; या मौनाने बुडाला.

ह. मूसा (अलै.) यांना फिरऔनकडे जाण्याची आज्ञा झाली, तो प्रसंग सूरह ताहामध्ये आहे. त्यांनी आपली उणीव लपवली नाही. छाती मोकळी व्हावी, काम सोपे व्हावे, जिभेची गाठ सुटावी, अशी दुआ त्यांनी केली आणि बंधू ह. हारून (अलै.) यांची सोबत मागितली. अल्लाहने ती दुआ स्वीकारली आणि आपण दोघांसोबत असून सर्व ऐकत व पाहत आहोत, असा दिलासा दिला. म्हणजे मनात शंका येणे हा ईमानचा अभाव नव्हे. शंकेपायी कर्तव्य सोडणे हा खरा धोका आहे.

मदयनमध्ये ह. मूसा (अलै.) यांना चाकरीला ठेवण्याची शिफारस झाली ती दोन गुणांवर: सामर्थ्य आणि विश्वासूपणा. सूरह कससमधील या शिफारशीत वाक्चातुर्याचा उल्लेखही नाही. त्याच सूरहमध्ये कारूनही आहे. आपली संपत्ती आपल्याच ज्ञानाने मिळाली, असे म्हणणारा तो जमिनीत गाडला गेला. मोमिनचा आत्मविश्वास तवक्कुलवर उभा असतो, अहंकारावर नव्हे.

सामर्थ्य मात्र कष्टाने कमवावे लागते. ज्या महानुभाव साहित्याचे माहेर आपल्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर, त्याच्या अभ्यासात डॉ. यू. म. पठाण यांनी आयुष्य वेचले. १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मराठी आडनाव विचारत नाही, अभ्यास मागते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण अशी की, हिताच्या गोष्टीसाठी झटावे, अल्लाहची मदत मागावी आणि हतबल होऊन बसू नये. म्हणून मी त्या तरुणाला सांगितले: हिशेब पुन्हा तपास, सांगायचे ते कागदावर लिही, एखादा जाणता सहकारी सोबत घे, दुआ कर आणि जा.

तो गेला. जीभ तेव्हाही अडखळली, असे त्याने नंतर सांगितले. पण शेतकऱ्याला फरकाची रक्कम मिळाली.

अल्लाह आपल्या छाती मोकळ्या करो, जिभेच्या गाठी सोडवो आणि अमानत सांभाळण्याचे बळ देवो. आमीन.