वास येतोय का?

सकाळचे सव्वासात. एका शेगडीवर दूध, दुसरीवर चहाचं आधण. दोन्ही ज्योती बसक्या झाल्या, आकसत गेल्या आणि 'फुप्' करून विझल्या. सिलिंडर असता तर "संपला वाटतं" म्हणत मी सवयीने दुसरा लावायला वाकले असते. पण आमच्याकडे पाइपाचा गॅस येऊन सहा वर्षं झाली. तो संपत नाही, जातो. लाइट जाते, पाणी जातं, तसा. कोपऱ्यावर रस्ता खोदत होते, त्यात गॅसची लाइन फुटली, एवढं खालून कळलं. मी दूध इंडक्शनवर सरकवलं, डबे भरले आणि निघाले.

दारात चप्पल घालताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, शेगडीची बटणं बंद केलीस का?"

केली नव्हती. दोन्ही उघडी. आत जाऊन बंद केली.

तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. गॅसच नाही, तर बटण उघडं काय नि बंद काय! रिक्षात बसल्यावर मात्र पोटात गोळा आला. माझा हिशेब सिलिंडरच्या काळातला होता. सिलिंडर संपला की संपला. नवा लावेपर्यंत तिथून काही यायचं नाही, आणि नवा लावणारे हात आपलेच. पाइपातला गॅस गेला तरी परत येतो, आणि येताना कुणाला विचारत नाही. दुपारी कधीतरी लाइन दुरुस्त झाली असती, त्या दोन विझलेल्या तोंडांतून तो गपचूप यायला लागला असता, आणि घरात आई, म्हणजे सासूबाई, एकट्याच. त्यात २०२१ साली त्यांना कोविड झाला तेव्हापासून त्यांना वास येत नाही. हिंगाच्या फोडणीचा नाही, मोगऱ्याचा नाही, गॅसचाही नाही.

गॅसचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो मुळात गॅसचा नसतोच. घरात येणारा नैसर्गिक वायू म्हणजे बहुतांशी मिथेन, आणि मिथेनला ना रंग, ना गंध. मुंबईत लालबागच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकात दगडी कोळशापासून गॅस करत, तो मूळचाच उग्र होता. त्याला वास लावावा लागत नसे. जमिनीतून निघणारा हा वायू मात्र अगदी सोज्वळ. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत तो असाच इमारतीखालच्या पोकळीत साचत गेला, कुणाला पत्ता नाही, आणि एका ठिणगीसरशी शाळा कोसळली. सुमारे ३०० जण गेले, बहुतेक मुलंच. त्यानंतर टेक्सासने कायदाच केला की गॅसला वास लावायचा. कुजक्या कोबीसारखा तो वास मरकॅप्टन नावाच्या गंधकाच्या संयुगांचा. हवेत मिथेन साधारण ५ ते १५ टक्के असला की पेट घेतो; वास अशा बेताने मिसळलेला असतो की १ टक्क्यालाच नाक मुरडावं. एवढी सगळी योजना, आणि ती शेवटी येऊन टेकली कुणाच्या तरी नाकावर. शिवाय नाकाला सवयही पटकन होते. ज्या खोलीत आपण तासभर बसलो आहोत तिथला वास बाहेरून आलेल्या माणसाला आधी कळतो.

सिलिंडरच्या दिवसांत आमच्या घरात गॅसकडे लक्ष देण्याचं वेगळं काही काम नव्हतं, कारण तो स्वतःच लक्ष वेधून घ्यायचा. नंबर लावायचा. आला की वजन बघायचं, सील बघायचं, टोपण काढून वॉशर आहे ना ते बघायचं. रेग्युलेटर 'खट्' बसला की कान देऊन ऐकायचं. महिन्या-दीड महिन्याने वाकून त्या कोपऱ्यात हात घालावा लागे, तेव्हा नळी हाताला लागे, झुरळं दिसत, उंदराने कुरतडलं असेल तर तेही दिसे. कटकट होती खरी. पण देखभाल त्या कटकटीतच उरकून जायची, तिला वेगळं नाव नव्हतं. पाइपाच्या गॅसने कटकट नेली आणि तिच्याबरोबर तो कोपराही नजरेआड झाला. गेल्या सहा वर्षांत मी ओट्याखाली किती वेळा वाकले, हे सांगायला लाज वाटते.

त्या सकाळनंतर वाकले. शेगडीला जोडणारी नारिंगी नळी होती. तिच्यावर तारीख छापलेली असते. आमच्या नळीची तारीख भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती वळवून वाचली तर मुदत उलटून आठ महिने झाले होते. हात लावला तर नळी ताठ, वाळलेल्या शेवग्यासारखी. त्याच दिवशी फोन करून बदलून घेतली.

पाइप तर आणखी मजेशीर. स्वयंपाकघरात जी वस्तू स्वस्थ आडवी-उभी असते तिला आपण खुंटी समजतो. आमच्या पाइपावर कापडी पिशव्या, कोथिंबिरीची जाळी आणि लायटर लटकत होता. शेजारच्या वहिनींनी तर त्याला एस आकाराचे हूक लावून झारे-उलथणी टांगलेली. वजन फार नाही, पण रोज ओढून-काढून सांधे ढिले पडतात. त्यांच्याकडे सुताराने नवं फर्निचर केलं तेव्हा मीटरसकट सगळं प्लायच्या आड गेलं. "दिसायला बरं दिसत नाही," म्हणाला. गॅस बंद करायची झडप कुठे? ट्रॉली पूर्ण बाहेर काढली की मागे. वेळ आली तर ती ट्रॉली कोण काढणार? झडपेची दांडी पाइपाच्या रेषेत असली की चालू, पाइपाला आडवी केली की बंद. समजायला इतकं सोपं. पण हात पोचला पाहिजे.

खिडकीचंही असंच. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीवर पसरतो. म्हणून माझी आई वास आला की दार उघडून सुपाने खालची हवा बाहेर लोटायची. ते माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की आईंसाठी गॅसचा अलार्म आणला तेव्हा बसवणाऱ्या मुलाने तो जमिनीपासून वीतभर उंचीवर लावला, "ताई, गॅस खालीच बसतो," म्हणाला, आणि मला ते पटलंही. खोक्यातला कागद वाचल्यावर कळलं की आमचा गॅस उलटा. मिथेन हवेपेक्षा बराच हलका, वजनाने जेमतेम निम्म्याहून थोडा जास्त. तो वर चढतो, छताशी साठतो. अलार्म वर हवा, आणि वरची फट उघडी हवी. आमची वरची झडपेची खिडकी कुठे होती? कबुतरं घाण करतात म्हणून पुठ्ठा आणि चिकटपट्टी लावून बंद. पुठ्ठा काढला, जाळी बसवली. अलार्म छताखाली गेला. आता तो एखादे दिवशी मिरचीच्या ठेच्यालाही ओरडतो, त्याला इलाज नाही.

नळी बदलायला आलेल्या माणसाने जाताना वाटी मागितली. भांड्यांचा साबण पाण्यात फेसवला, जुना टूथब्रश घेतला आणि एकेका सांध्यावर फेस लावत गेला. मी टॉर्च धरून शेजारी. मीटरपाशी काही नाही, कोपराला काही नाही. शेगडीच्या मागच्या तोटीशी आला, आणि फेसात मोहरीएवढा एक बुडबुडा उगवला. फुटला. तिथेच दुसरा आला. अगदी सावकाश, बाळाच्या ओठावर लाळेचा फुगा येतो तसा. घरात वास अजिबात नव्हता. म्हणजे नाक असलेल्यांनाही नव्हता. त्याने पकड आवळली, परत फेस लावला, आम्ही दोघं मिनिटभर त्या सांध्याकडे टक लावून बघत बसलो. काही आलं नाही. "काडी पेटवून बघू नका कधी," तो म्हणाला. "बघतात?" मी विचारलं. तो नुसता हसला.

घरातल्या पाइपातल्या गॅसचा दाब २१ मिलिबार असतो, म्हणजे साधारण वीतभर पाण्याच्या वजनाइतका. सिलिंडरमध्ये कोंडलेल्या दाबापुढे काहीच नाही. पाइपाचा गॅस बेभरवशाचा आहे असं मला म्हणायचं नाही. कितीतरी बाबतींत तो जास्त गरीब आहे. गरीब माणसाकडे जसं कुणी बघत नाही, तसं त्याचं होतं, इतकंच.

आईंना मी नंतर विचारलं, तुम्हाला त्या दिवशी बटणांची आठवण कशी झाली? म्हणाल्या, "मला वास येत नाही ना. मग डोळ्यांनी बघावं लागतं." त्या दिवसातून किती वेळा बटणं बघतात ते मी आता मोजते. दूध उतू गेलं की, कुकर उतरवला की, बेल वाजली की जाता जाता. ज्योत निळी आहे ना तेही बघतात. पिवळी दिसली तर पिन घेऊन बर्नरची भोकं साफ करायला बसतात.

रात्री साडेदहाला ओट्याखाली झडप आडवी झाल्याचा 'टक्' आवाज होतो. मग पावलं माझ्या दारापर्यंत येतात.

"झोपलीस का गं? जरा स्वयंपाकघरात येऊन जा. वास येतोय का बघ."

मी उठते, अंधारातच जाते, दिव्याच्या बटणाला हात न लावता उभी राहून श्वास घेते. जिरं, ओला कपडा, सकाळसाठी भिजवलेली मटकी.

"नाही हो आई. काही नाही."

"नक्की?"

मी परत एकदा श्वास घेते.